रुडॉल्फ फिरखो

रुडॉल्फ लुडविग कार्ल फिरखो (जन्म : शिव्हेलबाइन, पोमेरानिया, प्रशिया, १३ ऑक्टोबर, इ.स. १८२१, मृत्यू : बर्लिन, ५ सप्टेंबर, इ.स. १९०२) हे जर्मन वैद्यक-संशोधक, विकृतिवैज्ञानिक, मानवशास्त्रज्ञ आणि राजकारणी होते. रोगाचे मूळ शरीरातील पेशींमध्ये शोधले पाहिजे, हा विचार त्यांनी वैद्यकात रुजवला. त्यामुळे त्यांना आधुनिक विकृतिविज्ञानाचे जनक मानले जाते. पायांच्या किंवा ओटीपोटाच्या नीलांमध्ये (अशुद्ध रक्त वाहून नेणाऱ्या वाहिन्यांमध्ये) तयार झालेली रक्ताची गुठळी सुटून रक्ताबरोबर वाहत जाते व फुप्फुसाच्या रोहिणीत अडकते, हे त्यांनी पुराव्यानिशी दाखवून दिले. या विकाराला आज फुप्फुसीय अंतर्कीलन किंवा पल्मनरी एम्बोलिझम म्हणतात. गुठळी विरघळवणारी औषधे देऊन या विकारावर केले जाणारे आजचे उपचार फिरखो यांच्या याच शोधाच्या पायावर उभे आहेत. सार्वजनिक आरोग्य हे राज्यकर्त्यांचे कर्तव्य आहे, या मताचे ते खंदे पुरस्कर्ते होते.

बालपण आणि शिक्षण

फिरखो यांचा जन्म पोमेरानियातील शिव्हेलबाइन या लहानशा गावी झाला. हे गाव आता पोलंडमध्ये असून त्याचे नाव श्विड्विन असे आहे. त्यांचे वडील कार्ल शेती करत आणि नगराच्या खजिनदाराचे कामही पाहत. आईचे नाव योहाना. रुडॉल्फ हे त्यांचे एकुलते एक अपत्य होते. घरची स्थिती बेताची असली तरी मुलाच्या शिक्षणाकडे आईवडिलांनी लक्ष पुरवले. क्योस्लिन येथील शाळेत त्यांनी ग्रीक, लॅटिन व इतर भाषांचा चांगला अभ्यास केला. आरंभी धर्मोपदेशक होण्याचा त्यांचा विचार होता. परंतु आपला आवाज प्रवचनाच्या व्यासपीठाला पुरा पडणार नाही असे वाटून त्यांनी तो सोडून दिला.

इ.स. १८३९ मध्ये लष्करी शिष्यवृत्ती मिळवून ते बर्लिनच्या फ्रीडरिख-विल्हेल्म संस्थेत दाखल झाले. गुणी पण निर्धन मुलांना या संस्थेत वैद्यकाचे शिक्षण दिले जाई आणि त्याच्या मोबदल्यात त्यांना पुढे लष्करात वैद्य म्हणून सेवा करावी लागे. तेथे शरीरक्रियावैज्ञानिक योहानेस म्युलर आणि रुग्णचिकित्सक योहान लुकास श्योनलाइन हे त्यांचे गुरू होते. सूक्ष्मदर्शकाचा उपयोग म्युलर यांच्याकडून, तर रुग्णाला शय्येजवळ तपासण्याची शिस्त श्योनलाइन यांच्याकडून त्यांना मिळाली. इ.स. १८४३ मध्ये त्यांनी वैद्यकातील डॉक्टर ही पदवी संपादन केली.

शारिते रुग्णालयातील आरंभकाळ

पदवीनंतर फिरखो बर्लिनच्या शारिते या मोठ्या रुग्णालयात रुजू झाले. तेथील शवविच्छेदक रोबर्ट फ्रोरिप यांचे साहाय्यक म्हणून ते इ.स. १८४४ पासून काम करू लागले. रुग्णालयात मृत्यू पावलेल्यांची शवे तपासणे, अवयवांतील बदल टिपणे आणि सूक्ष्मदर्शकाखाली ऊतींचे निरीक्षण करणे हा त्यांचा नित्यक्रम झाला. त्या काळी जर्मन वैद्यकावर निसर्ग-तत्त्वज्ञानाचा मोठा पगडा होता आणि रोगांची उपपत्ती अनेकदा केवळ तर्काने मांडली जाई. फिरखो यांना हे मान्य नव्हते. रुग्णशय्येवरील निरीक्षण, शवविच्छेदन आणि प्राण्यांवरील प्रयोग या तिन्हींच्या कसोटीला उतरेल तेच ग्राह्य धरावे, असे मत त्यांनी इ.स. १८४५ मध्ये वयाच्या तेविसाव्या वर्षी संस्थेतील जाहीर भाषणांत मांडले. ज्येष्ठ मंडळींना ते रुचले नाही.

त्याच वर्षी त्यांनी एका रुग्णाच्या रक्तात पांढऱ्या पेशींची विलक्षण वाढ झाल्याचे वर्णन प्रसिद्ध केले. स्कॉटलंडमध्ये जॉन ह्यूज बेनेट यांनीही जवळपास याच सुमारास असेच वर्णन केले होते. बेनेट यांनी हा प्रकार रक्तातील पुवाचा मानला. फिरखो यांनी मात्र तो स्वतंत्र रोग असल्याचे ओळखून पुढे त्याला ल्युकेमिया हे नाव दिले. इ.स. १८४६ मध्ये ते फ्रोरिप यांच्या जागी शवविच्छेदक झाले. इ.स. १८४७ मध्ये बेन्नो राइनहार्ट या मित्रासह त्यांनी विकृतिविज्ञानाला वाहिलेले नियतकालिक सुरू केले. राइनहार्ट यांच्या अकाली निधनानंतर फिरखो यांनी ते अखेरपर्यंत एकट्याने संपादित केले. हे नियतकालिक आजही फिरखो यांच्या नावाने प्रसिद्ध होते.

फुप्फुसातील गुठळीचे संशोधन

फ्रोरिप यांनी आपल्या तरुण साहाय्यकाला नीलांच्या दाहाचा विषय अभ्यासासाठी सुचवला होता. फ्रेंच विकृतिवैज्ञानिक झाँ क्रुव्हेये यांच्या मतानुसार नीलांचा दाह हेच बहुतेक रोगांचे मूळ होते आणि रक्ताची गुठळी हा त्या दाहाचाच परिणाम होता. अचानक दगावलेल्या रुग्णाच्या फुप्फुसातील रोहिणीत गुठळी आढळली, तर ती तेथेच, त्या जागच्या दाहामुळे तयार झाली असे समजले जाई.

शवविच्छेदनांत फिरखो यांना वेगळे चित्र दिसले. फुप्फुस-रोहिणीत गुठळी असे, परंतु तिच्या भोवतीची रोहिणीची भिंत बहुधा निरोगी असे. दाहाचे चिन्ह नसताना गुठळी तेथे कशी आली, हा प्रश्न त्यातून उभा राहिला. अशा अनेक शवांमध्ये पायांच्या किंवा ओटीपोटाच्या नीलांतही गुठळ्या सापडत. नीलेतील गुठळीचे टोक तुटलेले दिसे आणि फुप्फुसातील तुकड्याचे तुटके टोक त्याच्याशी जुळे. काही गुठळ्या रोहिणीला दोन फाटे फुटतात तेथे, खोगीर घातल्याप्रमाणे दोन्ही फाट्यांवर पाय टाकून बसलेल्या असत. वाहत आलेली वस्तू जेथे वाट अरुंद होते तेथे अडकावी, तसाच हा प्रकार होता.

या निरीक्षणांतून त्यांनी मांडलेला मार्ग असा : पायातील नीलेतली गुठळी सुटते, महानीलेतून हृदयाच्या उजव्या बाजूस येते, तेथून रक्ताच्या लोटाबरोबर फुप्फुस-रोहिणीत ढकलली जाते आणि तिच्या शाखांमध्ये अडकून पडते. केवळ शवांवरून काढलेला निष्कर्ष त्यांना पुरेसा वाटला नाही. म्हणून त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. मानेतील नीलेतून रबराचे तुकडे, वनस्पतीच्या खोडातील भेंड, स्नायूंचे तुकडे आणि रक्ताच्या गुठळ्या त्यांनी शरीरात सोडल्या. नंतर तपासणी करता हे पदार्थ फुप्फुस-रोहिणीच्या शाखांत अडकलेले आढळले. नीलेत सोडलेली वस्तू फुप्फुसात पोहोचते, हे त्यातून निर्विवाद सिद्ध झाले. या विषयावरील त्यांचे पहिले लेखन इ.स. १८४६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यावेळी त्यांचे वय पंचवीस वर्षांचेही नव्हते.

वाहिनीत जागच्या जागी गुठळी होण्याला थ्रॉम्बोसिस (अंतर्क्लथन) आणि सुटलेली गुठळी वाहत जाऊन दूरच्या वाहिनीत अडकण्याला एम्बोलिझम (अंतर्कीलन) ही नावे त्यांनी रूढ केली. हृदयाच्या डाव्या बाजूस तयार झालेल्या गुठळ्या सुटून मेंदूच्या किंवा हातापायांच्या रोहिण्या बंद करू शकतात, हेही त्यांनी दाखवले. मऊ पडलेल्या गुठळीत दिसणारा पुवासारखा पदार्थ हा पू नसून गुठळीतील फायब्रिन या तंतुमय प्रथिनाचे विघटन असते, हे त्यांचे निरीक्षणही महत्त्वाचे ठरले.

फिरखो त्रिक

नीलांमध्ये गुठळी होण्याची कारणे तीन गटांत मांडण्याची पद्धत वैद्यकाच्या अभ्यासक्रमात सर्वत्र आढळते : रक्ताचा प्रवाह मंदावणे, वाहिनीच्या भिंतीला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे. यालाच फिरखो त्रिक म्हणतात. दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेला रुग्ण, मोठी शस्त्रक्रिया, अस्थिभंग, गर्भारपण व बाळंतपण, कर्करोग, रक्तातील काही आनुवंशिक दोष अशा अनेक परिस्थितींचे स्पष्टीकरण या त्रिकाने देता येते.

प्रत्यक्षात ही तीन कारणे एकत्र करून त्यांना त्रिक असे नाव फिरखो यांनी स्वतः दिलेले नाही. इ.स. १८५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संकलित लेखसंग्रहात गुठळीविषयीचे विस्तृत विवेचन आहे व त्यात या घटकांचा विचार आलेला आहे. परंतु त्रिकाची आजची मांडणी त्यांच्या मृत्यूनंतर अनेक दशकांनी रूढ झाली आणि तिला त्यांचे नाव देण्यात आले.

अप्पर सिलेशियातील साथ

इ.स. १८४७-४८ च्या हिवाळ्यात प्रशियाच्या अप्पर सिलेशिया प्रांतात दुष्काळाच्या पाठोपाठ टायफस ज्वराची भीषण साथ पसरली. वृत्तपत्रांतून टीका होऊ लागल्यावर सरकारने पाहणीसाठी अधिकारी पाठवले. त्यांच्याबरोबर फिरखो यांनाही धाडण्यात आले. इ.स. १८४८ च्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत सुमारे तीन आठवडे ते त्या भागात फिरले. बहुसंख्य रहिवासी पोलिश भाषक, भूमिहीन व निरक्षर होते. ओलसर, कोंदट झोपड्यांत माणसे व जनावरे एकत्र राहत आणि बटाट्याचे पीक बुडाल्याने उपासमार होत होती.

परतल्यावर फिरखो यांनी सादर केलेला अहवाल सरकारच्या अपेक्षेपेक्षा फार वेगळा होता. साथीच्या मुळाशी दारिद्र्य, अज्ञान आणि सरकारी अनास्था आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. उपाय म्हणून त्यांनी पूर्ण लोकशाही, मातृभाषेतून म्हणजे पोलिश भाषेतून शिक्षण, करांचा बोजा गरिबांवरून श्रीमंतांकडे वळवणे, रस्ते बांधणे व शेतीची सुधारणा या गोष्टी सुचवल्या. औषधांपेक्षा राजकीय व सामाजिक बदल अधिक आवश्यक आहेत, ही त्यांची भूमिका सामाजिक वैद्यक या ज्ञानशाखेच्या आरंभीच्या टप्प्यांपैकी एक मानली जाते.

इ.स. १८४८ ची क्रांती आणि बडतर्फी

सिलेशियाहून परतल्यावर आठवडाभरातच, मार्च इ.स. १८४८ मध्ये, बर्लिनमध्ये क्रांतीचा भडका उडाला. फिरखो यांनी रस्त्यांवरील अडथळे उभारण्यात भाग घेतला. जुलै महिन्यात रुडॉल्फ लॉयबुशर यांच्यासह त्यांनी वैद्यकीय सुधारणांना वाहिलेले एक साप्ताहिक सुरू केले. वैद्य हा गरिबांचा स्वाभाविक वकील आहे, अशी भूमिका ते त्यातून सातत्याने मांडत. ते साप्ताहिक जेमतेम वर्षभर चालले.

क्रांती दडपली गेल्यावर सरकारचा रोष ओढवला. इ.स. १८४९ च्या वसंतात त्यांना शारितेमधील पदावरून दूर करण्यात आले. सहकारी व विद्यार्थ्यांच्या आग्रहामुळे त्यांना काही अटींवर परत घेतले गेले, तरी बर्लिनमध्ये भवितव्य उरले नाही हे त्यांनी ओळखले. बव्हेरियातील व्युर्झबुर्ग विद्यापीठाने त्यांना विकृतिशारीराचे प्राध्यापकपद देऊ केले, तेव्हा त्यांनी ते स्वीकारले. जर्मन प्रदेशातील या विषयाचे ते पहिलेच अध्यासन होते.

व्युर्झबुर्ग ते पुन्हा बर्लिन

व्युर्झबुर्ग येथील सात वर्षे (१८४९-१८५६) राजकारणापासून दूर, अध्यापन व संशोधनात गेली. आल्बर्ट फॉन क्योलिकर यांच्यासारखे सहकारी लाभले. एर्न्स्ट हेकेल हे त्यांचे तेथील विद्यार्थी. इ.स. १८५२ मध्ये श्पेसार्ट या डोंगराळ भागातील उपासमारीची पाहणी करून त्यांनी पुन्हा एकदा दारिद्र्य व रोग यांचा संबंध मांडला. इ.स. १८५० मध्ये बर्लिनमधील स्त्रीरोगतज्ज्ञ कार्ल मायर यांची कन्या रोझ हिच्याशी त्यांचा विवाह झाला होता. या दांपत्याला सहा अपत्ये झाली. त्यांपैकी हान्स फिरखो पुढे शारीरविज्ञ झाले.

इ.स. १८५६ मध्ये बर्लिन विद्यापीठाने त्यांना परत बोलावले आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र विकृतिविज्ञान संस्था उभारली. सात वर्षांपूर्वी ज्या नगरातून त्यांना जावे लागले होते, तेथेच ते आता आपल्या अटींवर आले.

पेशी-विकृतिविज्ञान

इ.स. १८५८ च्या आरंभी फिरखो यांनी वैद्यांसमोर २० व्याख्याने दिली. ती त्याच वर्षी पेशी-विकृतिविज्ञान या विषयावरील ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. पेशी ही जीवनाची मूळ घटक असून प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासूनच निर्माण होते. म्हणून रोग म्हणजे निरोगी पेशींमध्ये घडलेला बदल होय, हा या ग्रंथाचा गाभा आहे. शरीरातील चार द्रवांच्या असमतोलाने रोग होतात ही जुनी समजूत त्यामुळे मागे पडली. पेशी विभाजनाने वाढतात हे रोबर्ट रेमाक यांनी आधी दाखवले होते. त्यांच्या कार्याला फिरखो यांनी पुरेसे श्रेय दिले नाही, अशी टीका केली जाते.

अमिलॉइड व मायलिन यांसारख्या अनेक संज्ञा फिरखो यांनी वैद्यकाला दिल्या. यूलियुस कोनहाइम, एडविन क्लेब्स व फ्रीडरिख फॉन रेक्लिंगहाउझेन हे त्यांचे शिष्य व साहाय्यक. मांसातून माणसाच्या शरीरात शिरणाऱ्या ट्रिकिना कृमीच्या संशोधनानंतर त्यांनी मांसाची सूक्ष्मदर्शकाने तपासणी करण्याचा आग्रह धरला.

राजकारण आणि नगरसेवा

इ.स. १८५९ मध्ये ते बर्लिनच्या नगरपरिषदेवर निवडून आले व मृत्यूपर्यंत सदस्य राहिले. इ.स. १८६१ मध्ये जर्मन प्रगती पक्षाच्या स्थापनेत त्यांचा वाटा होता. पुढील वर्षापासून ते प्रशियाच्या विधिमंडळात व इ.स. १८८० ते १८९३ या काळात जर्मन संसदेत होते. पंतप्रधान ओटो फॉन बिस्मार्क यांच्या लष्करी खर्चाला त्यांनी कडाडून विरोध केला. इ.स. १८६५ मध्ये एका वादानंतर बिस्मार्क यांनी त्यांना द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले. फिरखो यांनी ते नाकारले. या प्रसंगी त्यांनी कृमियुक्त सॉसेज हे शस्त्र निवडले अशी एक कथा सांगितली जाते, तथापि तिला विश्वसनीय आधार नाही. बिस्मार्क व कॅथलिक चर्च यांच्यातील संघर्षाला मिळालेले कुल्टुरकाम्फ (संस्कृतिसंघर्ष) हे नाव मात्र फिरखो यांच्या इ.स. १८७३ मधील भाषणामुळे रूढ झाले.

त्यांचे सर्वांत टिकाऊ राजकीय कार्य नगरपरिषदेत झाले. बर्लिनची लोकसंख्या झपाट्याने वाढत होती आणि सांडपाणी उघड्या गटारांतून वाहत होते. अभियंता जेम्स होब्रेख्ट यांच्या योजनेनुसार भूमिगत गटारे बांधून सांडपाणी नगराबाहेरील शेतांत सोडण्याचा प्रकल्प फिरखो यांच्या पाठिंब्यामुळे मार्गी लागला व इ.स. १८७३ मध्ये त्याचे बांधकाम सुरू झाले. नगरपालिकेची रुग्णालये, शाळांतील आरोग्य-तपासणी आणि परिचारिकांचे प्रशिक्षण यांसाठीही ते झटले. इ.स. १८७०-७१ च्या फ्रान्सबरोबरच्या युद्धात जखमींसाठी रुग्णालय-गाड्यांची व्यवस्था त्यांनी केली.

मानवशास्त्र आणि पुरातत्त्व

इ.स. १८६९ मध्ये बर्लिनमधील मानवशास्त्र, मानववंशशास्त्र व प्रागितिहास या विषयांच्या संस्थेची स्थापना त्यांच्या पुढाकाराने झाली. इ.स. १८७९ मध्ये ते हाइनरिख श्लीमान यांच्याबरोबर ट्रॉयच्या उत्खननाला गेले. ट्रॉय येथील संग्रह बर्लिनला मिळावा यासाठी श्लीमान यांचे मन त्यांनीच वळवले.

जर्मनीतील साठ लाखांहून अधिक शाळकरी मुलांच्या केसांच्या, डोळ्यांच्या व त्वचेच्या रंगाची पाहणी त्यांनी घडवून आणली. तिचे निष्कर्ष इ.स. १८८६ मध्ये प्रसिद्ध झाले. शुद्ध जर्मन वंश अशी काही गोष्ट अस्तित्वात नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. वंशश्रेष्ठत्वाच्या व ज्यूविरोधी प्रचाराला त्यांनी अखेरपर्यंत विरोध केला.

वाद आणि चुका

फिरखो यांच्या मताला प्रचंड वजन असे. त्यामुळे त्यांच्या चुकांचे परिणामही दूरगामी झाले. प्रसूतिगृहातील वैद्यांनी हात निर्जंतुक केल्यास बाळंतज्वराचे मृत्यू टळतात, हे इग्नाझ सेमेलव्हाइस यांचे मत त्यांनी स्वीकारले नाही. सूक्ष्मजंतू हे रोगांचे कारण आहेत या रोबर्ट कोख प्रभृतींच्या सिद्धान्ताकडे ते दीर्घकाळ साशंकतेने पाहत राहिले. पेशीतील बदल व सामाजिक परिस्थिती यांवर त्यांचा भर असल्याने एकाच जंतूला सर्व दोष देणे त्यांना पटत नसे.

इ.स. १८७२ मध्ये निअँडरथल येथील मानवी अस्थी तपासून त्यांनी त्या प्राचीन मानवाच्या नसून मुडदूस व संधिवाताने ग्रासलेल्या अर्वाचीन माणसाच्या असल्याचे सांगितले. पुढे हे मत चुकीचे ठरले. उत्क्रांतिवाद शाळांत सिद्ध सत्य म्हणून शिकवण्याला त्यांनी इ.स. १८७७ मध्ये विरोध केला. त्यावरून त्यांचे शिष्य हेकेल यांच्याशी कडाक्याचा वाद झाला. इ.स. १८८७ मध्ये युवराज फ्रीडरिख यांच्या स्वरयंत्रातून काढलेल्या तुकड्यांत त्यांना कर्करोग आढळला नाही. त्या तुकड्यांपुरते त्यांचे निदान बरोबर असेलही, परंतु पुढील वर्षी सम्राट झालेले फ्रीडरिख अवघ्या ९९ दिवसांच्या कारकिर्दीनंतर त्याच रोगाने मरण पावले.

अखेरची वर्षे व मृत्यू

इ.स. १८९२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने फिरखो यांना कॉप्ले पदक देऊन गौरवले. त्यांनी आयुष्यभर जमवलेल्या हजारो विकृत अवयवांच्या नमुन्यांचे संग्रहालय इ.स. १८९९ मध्ये शारितेच्या आवारात खुले झाले. इ.स. १९०१ मध्ये त्यांचा ८०वा वाढदिवस मोठ्या प्रमाणावर साजरा झाला.

४ जानेवारी, इ.स. १९०२ रोजी बर्लिनच्या लाइप्त्सिगर रस्त्यावर चालत्या ट्राममधून उतरताना ते पडले व मांडीच्या हाडाची मान मोडली. हे दुखणे सरले नाही. प्रकृती ढासळत गेली आणि ५ सप्टेंबर, इ.स. १९०२ रोजी हृदयक्रिया क्षीण होऊन त्यांचे निधन झाले. बर्लिनच्या श्योनेबर्ग भागातील सेंट मॅथ्यू दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले. मांडीच्या हाडाचा भंग व त्यानंतरची सक्तीची विश्रांती ही नीलांत गुठळी होण्याची मोठी कारणे आहेत, हे त्यांच्याच संशोधनाच्या आधारे आज सर्वमान्य असून अशा रुग्णांना गुठळी-प्रतिबंधक औषधे देण्याची प्रथा आहे.

वारसा : गुठळी विरघळवणारे उपचार

गुठळी कोठून येते हे फिरखो यांनी सांगितले, पण ती काढण्याचा उपाय त्यांच्या काळी कोणाजवळही नव्हता. लाइप्त्सिगचे शल्यचिकित्सक फ्रीडरिख ट्रेंडेलेनबुर्ग यांनी इ.स. १९०८ मध्ये छाती उघडून फुप्फुस-रोहिणीतील गुठळी बाहेर काढण्याची शस्त्रक्रिया मांडली. तथापि त्यांचा एकही रुग्ण जगला नाही. त्यांचे शिष्य मार्टिन किर्शनर यांना इ.स. १९२४ मध्ये पहिले यश मिळाले. पुढे हेपारिन हे रक्त गोठू न देणारे औषध उपलब्ध झाले. इ.स. १९६० मध्ये इंग्लंडमधील बॅरिट व जॉर्डन यांच्या चाचणीत या प्रकारच्या औषधांनी मृत्यू टळतात असे दिसले. मात्र हेपारिन गुठळीची वाढ थांबवते, असलेली गुठळी विरघळवत नाही. ते काम शरीराच्या स्वतःच्या यंत्रणेवर सोपवावे लागते.

गुठळी विरघळवण्याचा मार्ग वेगळ्याच दिशेने सापडला. अमेरिकेतील विल्यम टिलेट आणि आर. एल. गार्नर यांना इ.स. १९३३ मध्ये असे आढळले की स्ट्रेप्टोकॉकस जंतूंपासून मिळणारा एक पदार्थ मानवी रक्ताची गुठळी वितळवतो. हाच पदार्थ पुढे स्ट्रेप्टोकायनेज म्हणून ओळखला गेला. रक्तात प्लाझ्मिनोजेन नावाचे प्रथिन निष्क्रिय स्वरूपात असते. स्ट्रेप्टोकायनेज, युरोकायनेज, आल्टेप्लेज, टेनेक्टेप्लेज ही औषधे त्याचे रूपांतर प्लाझ्मिनमध्ये घडवून आणतात व प्लाझ्मिन गुठळीतील फायब्रिनचे धागे तोडते.

अमेरिकेतील पहिल्या मोठ्या चाचणीत १६० रुग्णांपैकी काहींना युरोकायनेज व नंतर हेपारिन, तर इतरांना केवळ हेपारिन देण्यात आले. तिचे निष्कर्ष इ.स. १९७० मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या २४ तासांत युरोकायनेजने गुठळी अधिक वेगाने विरघळली, परंतु मृत्युदरात फरक दिसला नाही आणि रक्तस्राव मात्र वाढला. फुप्फुसीय अंतर्कीलनासाठी आल्टेप्लेजला अमेरिकेत इ.स. १९९० मध्ये मान्यता मिळाली. त्याची नेहमीची मात्रा १०० मिलिग्रॅम असून ती शिरेतून दोन तासांत दिली जाते.

मोठ्या गुठळीने रोहिणी बंद झाली की हृदयाच्या उजव्या कप्प्यावर ताण येतो; तो फुगतो, रक्तदाब घसरतो आणि रुग्ण काही तासांत दगावू शकतो. अशा रक्तदाब कोसळलेल्या रुग्णांसाठी गुठळी विरघळवणारे औषध हा मान्य उपचार आहे. रक्तदाब टिकून असलेल्या, पण हृदयावर ताणाची चिन्हे दिसणाऱ्या रुग्णांचा प्रश्न अधिक कठीण आहे. इ.स. १९१४ नंतर शंभर वर्षांनी, म्हणजे इ.स. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातील पैथो चाचणीत अशा एक हजाराहून अधिक रुग्णांचा अभ्यास झाला. टेनेक्टेप्लेज दिलेल्या गटात मृत्यू किंवा रक्ताभिसरण कोसळण्याचे प्रमाण ५.६ टक्क्यांवरून २.६ टक्क्यांवर आले. पण पक्षाघाताचे प्रमाण ०.२ टक्क्यांवरून २.४ टक्क्यांवर गेले व त्यांतील बहुतेक झटके मेंदूतील रक्तस्रावाचे होते. त्यामुळे अशा रुग्णांना हे औषध सरसकट न देता हेपारिन देऊन बारकाईने लक्ष ठेवावे आणि प्रकृती ढासळल्यासच ते वापरावे, असा संकेत रूढ झाला. पूर्वी मेंदूत रक्तस्राव झालेल्या किंवा नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत हे औषध धोक्याचे असते. तेथे नळीवाटे गुठळीपर्यंत पोहोचून ती काढण्याचा किंवा शस्त्रक्रियेचा विचार केला जातो.

औषध शिरेतून दिले की ते नीलांमधून हृदयाच्या उजव्या बाजूस आणि तेथून फुप्फुस-रोहिणीत पोहोचते. गुठळी ज्या वाटेने जाते असे फिरखो यांनी इ.स. १८४६ मध्ये दाखवले, त्याच वाटेने तिच्यावरील औषधही जाते.

स्मारके

बर्लिनमधील एका मोठ्या रुग्णालयाला इ.स. १९०६ मध्ये फिरखो यांचे नाव देण्यात आले. ते आज शारिते विद्यापीठ-रुग्णालयाचा भाग आहे. उदरातील कर्करोग पसरल्यावर डाव्या गळपट्टीच्या हाडामागे सुजणारी लसीका ग्रंथी फिरखो ग्रंथी या नावाने ओळखली जाते.